मोजक्या प्रेक्षकांचा सामना : ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि प्रतीक्षेचे समाजशास्त्र

दिनांक १३ जून २०२० रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड येथे पोर्ट ॲडलेड व ॲडलेड या दोन स्थानिक संघांमध्ये ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलचा सामना झाला. ॲडलेड ओव्हल या क्रीडांगणावर सुमारे ५३,५०० प्रेक्षकांची सोय आहे. त्या दिवशी प्रवेश मिळाला तो अवघ्या २,२४० जणांना, म्हणजे दर चोवीस जागांमागे एका माणसाला. करोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात पहिल्याच फेरीनंतर खंडित झालेला मोसम दोन दिवसांपूर्वी पुन्हा सुरू झाला होता, आणि त्यानंतर प्रेक्षकांसमक्ष खेळल्या गेलेल्या पहिल्या सामन्यांपैकी हा एक होता. सामना संपल्यावर दोन्ही संघ क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्ट येथे मुक्कामास जाणार, हे आधीच ठरलेले होते. त्यामुळे ॲडलेडच्या रहिवाशांच्या दृष्टीने ही संधी पुन्हा केव्हा येईल याचा काहीच भरवसा नव्हता. पोर्ट ॲडलेडने सामना ७५ गुणांनी जिंकला. परंतु समाजशास्त्राच्या अभ्यासकाला निकालापेक्षा त्याआधीच्या दिवसांचे महत्त्व अधिक वाटावे. ज्या सामन्याला आपणास जाता येईल की नाही हे ठाऊक नाही, त्याची वाट पाहणे म्हणजे नेमके काय करणे होय?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी या खेळाची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल. आपल्याकडे फुटबॉल या शब्दाने जो खेळ समजला जातो, त्याहून हा खेळ निराळा आहे. लंबगोलाकार मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोलाकार चेंडूने तो खेळतात; चेंडू हातात घेऊन धावता येतो, लाथेने दूर मारता येतो, मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे देता येतो. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेल्यास सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेल्यास एक. मेलबर्न येथे १८५९ मध्ये त्याचे नियम प्रथम लेखबद्ध झाले. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम १८९७ मध्ये खेळला गेला आणि १९९० पासून तीच संस्था ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाते. आज लीगमध्ये खेळणाऱ्या अठरा संघांपैकी दहा एकट्या व्हिक्टोरिया राज्यातील, आणि त्यांतीलही नऊ मेलबर्न शहरातील आहेत. १९७० च्या अंतिम सामन्यास मेलबर्न क्रिकेट मैदानावर १,२१,६९६ प्रेक्षक उपस्थित होते. हा उच्चांक अद्याप मोडलेला नाही, आणि मैदानाची आजची क्षमता लक्षात घेता तो मोडण्याची शक्यताही नाही.

येथील पाठीराख्यांची घडण काही बाबतींत वैशिष्ट्यपूर्ण आहे. इंग्लंडमध्ये परस्परविरोधी संघांच्या चाहत्यांना वेगवेगळ्या भागांत बसविण्याची प्रथा आहे. ऑस्ट्रेलियात ते सामान्यतः एकमेकांच्या शेजारी बसतात. ‘बॅरॅकिंग’ हा शब्द क्रिकेटच्या वाचकांना हुर्यो उडविणे या अर्थी परिचित आहे. मेलबर्नमध्ये मात्र आपल्या संघाचा कैवार घेणे असाच त्याचा अर्थ रूढ आहे. ‘तुम्ही कोणासाठी बॅरॅक करता?’ हा प्रश्न तेथे नवागताला गावाच्या नावाइतक्याच सहजतेने विचारला जातो. प्रत्येक संघाचे हौशी पाठीराखे सामन्याच्या आधीच्या दिवसांत एकत्र बसून कागदाचा प्रचंड फलक तयार करतात. सामन्याच्या आरंभी खेळाडू तो फाडून मैदानात धावत येतात. कित्येक तासांच्या श्रमाचे फळ काही क्षणांत फाटून जावे हाच त्या फलकाचा हेतू असतो. सामन्याचा आठवडा अशा रीतीने कामांनी भरलेला असतो : मागील सामन्याची उलटतपासणी, जखमी खेळाडूंची विचारपूस, संघनिवडीची घोषणा, त्यावरील वाद, आणि शेवटी प्रत्यक्ष सामना.

येथे एका विलक्षण योगायोगाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. एमिल दुर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मविषयक ग्रंथात सामूहिक उत्कटतेची जी संकल्पना मांडली, तिचा आधार मुख्यतः मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींविषयीची वर्णने हा होता. ही वर्णने बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रान्सिस गिलेन या दोघांनी १८९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. गिलेन हा तारखात्यातील अधिकारी. स्पेन्सर हा मेलबर्न विद्यापीठात जीवशास्त्राचा प्राध्यापक. हाच स्पेन्सर १९१९ पासून काही वर्षे व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा अध्यक्ष होता. स्पेन्सरची उत्क्रांतिवादी भूमिका आज कोणी स्वीकारीत नाही, आणि दुर्खेमने त्याच्या सामग्रीचा केलेला उपयोगही पुष्कळ टीकेचा विषय झाला आहे. तथापि ज्याच्या टिपणांतून जमावाचे समाजशास्त्र उभे राहिले, तोच गृहस्थ पुढे मेलबर्नच्या फुटबॉलचा कारभार पाहत होता, ही गोष्ट कोणत्याही अभ्यासकाला मोह पाडणारी आहे.

दुर्खेमच्या मते त्या समाजांचे जीवन दोन अवस्थांमधून आळीपाळीने जाते. एका अवस्थेत माणसे लहान लहान गटांनी विखुरलेली असतात, उदरनिर्वाहात गुंतलेली असतात, आणि त्यांचे जीवन एकसुरी व मंद असते. दुसऱ्या अवस्थेत ती एकत्र येतात, आणि केवळ एकत्र येण्यानेच त्यांच्यात अशी काही शक्ती संचारते की तिचे मूळ ती आपल्याबाहेर शोधू लागतात. फुटबॉलच्या मैदानाला ही दुसरी अवस्था सहज लागू पडते, आणि क्रीडेच्या अभ्यासकांनी ती वारंवार लागू केलीही आहे. पहिल्या अवस्थेकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. २०२० चा मोसम हा जणू या उपेक्षित अवस्थेचाच प्रयोग होता, कारण त्यात माणसे विखुरलेलीच राहिली आणि तरीही सामने होत राहिले. मेलबर्नमध्ये फलकासाठी एकत्र जमणेच निर्बंधांत बसत नव्हते. संघनिवडीचे वाद, निकालाची भाकिते, घरोघरी दूरचित्रवाणीपुढे मांडलेल्या खुर्च्या हे सर्व मात्र कायम राहिले. विखुरलेल्या अवस्थेला दुर्खेमने दिलेले मंदतेचे विशेषण येथे टिकत नाही. सामन्यापूर्वीचा आठवडा म्हणजे उत्कटतेचा अभाव नव्हे. तो तिची पूर्वतयारी आहे, आणि प्रसंगी तिची जागाही घेऊ शकतो.

याला आकड्यांचाही काही आधार आहे. २०१९ मध्ये सर्व संघांच्या वर्गणीदार सभासदांची एकूण संख्या साडेदहा लाखांहून अधिक होती. २०२० मध्ये, म्हणजे व्हिक्टोरियातील सभासदाला आपल्या संघाचा जवळजवळ एकही सामना मैदानावर पाहता आला नाही त्या वर्षी, ती ९ लाख ९० हजारांच्या वर राहिली. वर्गणीच्या मोबदल्यात मिळणारी मुख्य वस्तू, म्हणजे प्रवेश, नाहीशी झाली असताना शंभरांतील चौऱ्याण्णवांच्या आसपास सभासदत्वे शिल्लक राहिली. काहींनी वर्गणी आधीच भरलेली होती आणि परत मागितली नाही, हे खरे; परंतु परत न मागणे हीदेखील एक कृतीच होय. ग्राहक आणि सभासद यांमधील भेद पाठ्यपुस्तकांतून जितका समजतो, त्याहून अधिक या एका वर्षाने समजतो.

मोजक्या प्रेक्षकांना प्रवेश ही स्थिती मात्र संपूर्ण बंदीहून वेगळी, आणि एका अर्थी अधिक अवघड. बंदीपुढे सर्व सारखे असतात. दोन हजार जागा खुल्या होताच त्या कोणाच्या, हा प्रश्न उभा राहतो. सोडत काढावी, तर चाळीस वर्षांचा सभासद आणि गेल्या वर्षीचा सभासद एकाच मापाने मोजले जातात. ज्येष्ठता पाहावी, तर तरुणांना दार बंद होते. किमतीवर सोडावे, तर ज्या खेळात श्रमिक वस्त्यांतील संघ आणि सुखवस्तू उपनगरांतील संघ एकाच रांगेत उभे राहतात, त्याचा पायाच ढळतो. सोडत ही त्यांतल्या त्यात कमी वाईट. तिच्यात कोणाची योग्यता ठरविली जात नाही, म्हणून कोणाचा अवमानही होत नाही. २०२१ च्या आरंभी मेलबर्नचे मैदान निम्म्या क्षमतेने खुले झाले, तेव्हाही सभासदाला सामन्याच्या दिवशी नुसते चालत जाऊन आत शिरता येत नव्हते. आगाऊ जागा राखून ठेवणे भाग होते. आयत्या वेळी जावेसे वाटले म्हणून जाणे हे ज्या खेळाचे जुने सुख होते, त्याला तिकिटाची ही शिस्त जाचक वाटली नसती तरच नवल.

प्रेक्षकांच्या अभावाचा खेळावर काय परिणाम होतो, हा निराळा विषय आहे. त्याचा येथे केवळ निर्देश पुरे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात ४० पंचांना लिव्हरपूलच्या एका सामन्याची चित्रफीत दाखविण्यात आली. प्रेक्षकांचा आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी दोष दिले. मेलबर्नमध्ये या प्रश्नाला आणखी एक पेच आहे. तेथील बहुतेक संघ दोनच मोठी मैदाने वाटून घेतात; तेव्हा यजमान कोण हे मैदानावरून नव्हे, तर खुर्च्या कोणाच्या सभासदांनी भरल्या आहेत यावरून जाणवते. ११ जून २०२० रोजी कॉलिंगवुड आणि रिचमंड हे दोन्ही संघ आपापल्या घरच्याच मैदानावर, रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळले. सामना ३६–३६ असा बरोबरीत सुटला. दूरचित्रवाणीवर त्या मोसमात प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित गलबला मिसळला जाई. घरी बसलेल्या पाठीराख्याला आपल्याच अनुपस्थितीचा आवाज ऐकविण्याचा हा प्रकार होता.

२०२० चा अंतिम सामना २४ ऑक्टोबरला ब्रिस्बेन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात मेलबर्न क्रिकेट मैदान सैन्याच्या ताब्यात असताना अंतिम सामने अन्यत्र झाले होते, परंतु व्हिक्टोरियाबाहेर कधीच नाही. रिचमंडने जीलाँगचा ३१ गुणांनी पराभव केला. प्रेक्षक होते २९,७०७. दोन्ही संघ व्हिक्टोरियातील, आणि मेलबर्नमध्ये त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जाण्यासही सर्वसाधारणपणे मनाई होती. मेलबर्नचे मैदान प्रेक्षकांना खुले झाले ते डिसेंबरअखेरीस, भारताविरुद्धच्या कसोटी सामन्यासाठी, दिवसाला ३०,००० या मर्यादेने. अजिंक्य रहाणे याचे ११२ धावांचे शतक ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ते त्या मैदानावर कित्येक महिन्यांनी परतलेले पहिले प्रेक्षक होते.

२५ एप्रिल २०२१ रोजी, अँझॅक दिनी, त्याच मैदानावर ७८,११३ लोक जमले, आणि संकट सरले असे वाटू लागले. महिन्याभरात, २८ मे रोजी, मेलबर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्ज हे संघ पुन्हा रिकाम्या मैदानात समोरासमोर उभे होते. हेच दोघे २५ सप्टेंबरला पर्थ येथील अंतिम सामन्यात भेटले. मेलबर्न संघाने शेवटचे अजिंक्यपद १९६४ मध्ये मिळविले होते. पुढच्याच वर्षी प्रशिक्षक नॉर्म स्मिथ याला तडकाफडकी काढून काही दिवसांत परत घेण्यात आले, आणि त्यानंतरच्या अपयशाला पाठीराखे त्याच्या शापाचे नाव देत असत. सत्तावन्न वर्षांच्या प्रतीक्षेनंतर संघ ७४ गुणांनी जिंकला, तेव्हा मैदानावर ६१,११८ प्रेक्षक होते. परंतु मेलबर्न शहर टाळेबंदीत होते आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. १९६४ चा विजय तारुण्यात पाहिलेली माणसे आपापल्या घरी होती. डिसेंबरमध्ये संघाने चषक मेलबर्न क्रिकेट मैदानावर आणला आणि पाठीराख्यांसमोर ठेवला. निकाल ठाऊक असलेला तो सामना तेथे जमलेल्यांनी पडद्यावर पुन्हा एकदा पाहिला.