उसन्या कांद्याचा भाव

शेजाऱ्याकडून कांद्याची गोणी उसनी आणायची, आजच्या चढ्या भावाने विकायची आणि भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायची. शेअर बाजारातलं ‘शॉर्ट सेलिंग’ ते हेच. गोम एवढीच की भाव चढला, तरी गोणी परत करावीच लागते.

अमेरिकेत व्हिडिओ गेम विकणाऱ्या ‘गेमस्टॉप’ची दुकानं ओस पडत होती. कंपनी बुडणार म्हणून बड्या फंडांनी तिचे शेअर असे उसने घेऊन विकले होते. तेही इतके, की बाजारात खेळत्या शेअरांपेक्षा उसनवारीच जास्त झाली! ‘रेडिट’ या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या हौशी गुंतवणूकदारांनी हे हेरलं आणि खरेदीचा सपाटा लावला. भाव चढला, तसे घाबरलेले फंडही परतफेडीसाठी खरेदीला धावले. त्याने भाव आणखी भडकला. जानेवारी २०२१च्या सुरुवातीला वीस डॉलरच्या आतला शेअर २८ तारखेला ४८३ला टेकला. त्याच दिवशी शेअर खरेदी-विक्रीच्या ‘रॉबिनहुड’ ॲपने (नाव मात्र गरिबांच्या कैवाऱ्याचं!) त्याची नवी खरेदी रोखली. आठवडाभरात भाव शंभराच्या खाली आला. सगळ्यात शेवटी खरेदी करणाऱ्यांच्या हाती महागडे शेअर उरले, आणि दुकानं होती तशीच ओस.