चौकडी टिकली असती तर?

खंडाळ्याहून खंबाटकीचा घाट ओलांडला, की पलीकडे वाईनजीक कृष्णाकाठी मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे. वाडा पाहून पुष्कळ लोक परततात. परंतु ह्या वाड्याच्या धन्याने एके काळी जगद्व्यापी युद्धाचा रंग पालटेल असा डाव मांडला होता, हे थोड्यांसच ठाऊक असते.

१७७८ साली फ्रान्स अमेरिकेच्या पक्षास मिळाला व इंग्रजांस अनेक खंडांत एकदम लढणे भाग पडले. तशात गुंटूरच्या प्रकरणाने निजामही त्यांजवर चिडलेला. ही संधी साधून १७८० च्या सुमारास पुणे, हैदराबाद, म्हैसूर व नागपूर अशी चार दरबारांची चौकडी जमली. हैदराने मद्रास इलाख्यावर, भोसल्यांनी बंगालवर चालून जावे, असा बेत ठरला. हैदराने शब्द पाळला. सप्टेंबर १७८० मध्ये पोलिलूर येथे त्याने बेलीची फौज बुडविली. परंतु वॉरन हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन निजामास स्वस्थ बसविले, आणि कटकेस येऊन ठेपलेल्या भोसल्यांच्या फौजेस लाखो रुपये देऊन बंगालपासून दूर ठेविले. त्याच बंगालातून पैसा व शिपाई घेऊन आयर कूट मद्रासच्या मदतीस धावला!

भोसले खरोखरीच बंगालात शिरते, तर कूटास कलकत्ता सोडवते काय? १७८२ साली सफ्रेनचे फ्रेंच आरमार आपल्या समुद्रात आले, तेव्हा त्यास फुटलेली नव्हे, अभंग चौकडी भेटली असती. मग १७८३ च्या तहांत अमेरिकेबरोबर हिंदुस्थानचाही हिशेब इंग्रजांस चुकवावा लागला असता, असे आमचे अनुमान आहे.

दोष केवळ निजाम-भोसल्यांचा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह केला, तोही हैदरास बाजूस ठेवूनच. नानांनी त्यास मान्यता देण्यास विलंब लाविला. पण डिसेंबरात हैदर वारला आणि तह कायम झाला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

आमचे व्यापारी बंधू हे मर्म सहज ओळखतील. चार भागीदारांचे भांडवल एक, पण नफा ज्याच्या त्याच्या गल्ल्यात, अशी पेढी पहिल्याच ओढीस बसते. नानांपाशी बुद्धीची वाण नव्हती. वाण होती ती चौघांच्या समाईक हिताची. गावची सहकारी सोसायटी असो वा राष्ट्रांचा तह असो, एकास फोडल्याने चौघे बुडतात, हे प्रत्येकास आधी पटले पाहिजे. ते पटले नाही, तर शपथा कितीही घ्या, हेस्टिंग्जची थैली त्यांहून जड ठरते!