दत्तक बाळ आणि आईचा पान्हा

जळगाव-धुळ्याकडे दत्तक बाळ घरी आले की कोणीतरी म्हणतेच, ‘पोटी जन्मले नाही, पान्हा कुठून फुटणार?’ परंतु पान्ह्याचे मूळ केवळ बाळंतपणात नाही. बाळ स्तन चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून दोन द्रव्ये स्रवतात. प्रोलॅक्टिनने दूध तयार होते, ऑक्सिटोसिनने ते वाहते. म्हणून बाळाला रात्रंदिवस वारंवार अंगावर घेतल्यास काही आठवड्यांत दूध येऊ शकते. मात्र ते बहुधा पुरेसे नसते. पान्ह्याच्या आशेने बाळाला उपाशी ठेवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध वाटी-चमच्याने किंवा स्तनाशी लावलेल्या बारीक नळीने द्यावे आणि वजन पाहत राहावे. दूध आलेच नाही, तरी आईपण उणे होत नाही. यशोदेला आई म्हणताना तिने कृष्णाला जन्म दिला होता काय, हे आपण कधी विचारले?