बदलता पाऊस आणि मंगळवेढ्याचा कोरडवाहू संसार



मंगळवेढा म्हटले की दोन गोष्टी चटकन आठवतात, एक दामाजीपंत आणि दुसरी ज्वारी. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी रयतेसाठी खुली करणारा अधिकारी म्हणून दामाजीपंतांची कथा शतकानुशतके सांगितली जाते. याचा अर्थ असा की, दुष्काळ या मातीला नवा नाही. येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाशी झगडत आला आहे. मात्र आज पावसाचे वागणे बदलले आहे. अशा वेळी दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबाने काय करावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पाऊस कसा बदलला?

आपला जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. सह्याद्री ओलांडून येणाऱ्या ढगांत आपल्यापर्यंत फारसे पाणी उरत नाही. जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा. खरी भिस्त सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी खरिपापेक्षा रब्बीवर संसार उभा केला. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांची ओल काळ्या जमिनीत साठवायची आणि त्या ओलीवर ज्वारी पिकवायची, ही त्यांची रीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत आज पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशापेक्षा जास्त वाढले आहे. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत साठलेले वायू हे त्याचे मुख्य कारण होय. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो-धो पडतो आणि दोन पावसांतील उघडीप लांबते. २०१८ साली आपल्या जिल्ह्याने दुष्काळ सोसला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच जिल्ह्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने गावेच्या गावे वेढली. एकाच शेतकऱ्याला आता दुष्काळ आणि पूर या दोहोंची तयारी ठेवावी लागते.

ओल हेच भांडवल

एक साधा हिशेब पाहू. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर तेथे एक लाख लिटरपेक्षा अधिक पाणी पडते. दहा हजार लिटरचे दहा टँकर! हे पाणी ओढ्याला वाहून गेले तर सोबत माती नेते. जागीच मुरले तर ज्वारीचे ताट पोसते. विहीर, बोअर किंवा कालवा नसलेल्या घरालाही हे पाणी अडवता येते.

सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. त्यातून निघालेले उपाय कमी खर्चाचे आहेत. पावसाळ्यात रान मोकळे असतानाच सारा यंत्राने किंवा बैलांच्या औजाराने लहान लहान वाफे पाडावेत, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरते. मशागत आणि पेरणी उताराला आडवी करावी. पेरणी दाट करू नये. ताटे जास्त झाली की ओल लवकर संपते. पेरणीनंतर तीन कोळपण्या कराव्यात. काळी जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात व आतली ओल उडून जाते. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने केली तर त्या भेगा बुजतात. शेततळ्यात थोडे पाणी असेल तर पीक पोटरीत असताना दिलेली एकच पाळी मोठा आधार देते.

बियाणे जमीन पाहून निवडावे. आपली प्रसिद्ध मालदांडी ३५-१ ही जात आपल्याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झाली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशा जाती दिल्या आहेत. हलक्या मुरमाड रानात उशिरा येणारी जात पेरली तर दाणे भरण्याआधीच ओल संपते आणि हाती नुसता कडबा येतो.

एकाच पिकावर संसार नको

खरिपात बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतली, तर एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. रब्बीत ज्वारीसोबत काही रानात हरभरा, करडई असावी. दारात दोन शेळ्या असल्या तर अडीअडचणीला सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही. ज्वारीचा कडबा जनावरे जगवतो, हे ज्वारीचे मोठेपण नगदी पिकांत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे; त्याचा लाभ घ्यायचा तर निवडून, स्वच्छ करून, गटाने माल विकला पाहिजे.

डाळिंबाने कित्येक घरांना चांगले दिवस दाखवले, हे खरे. परंतु तेल्या रोग आणि आटणाऱ्या बोअरने काही घरे कर्जातही लोटली. एका बोअरला पाणी लागले नाही म्हणून दुसरे, दुसरे आटले म्हणून तिसरे, ही शर्यत गरिबाला परवडत नाही. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि गावात किती पाणी आहे ते मोजून पिके ठरवली. पाण्याचा असा ताळेबंद प्रत्येक ग्रामसभेत मांडता येईल.

ज्यांना जमीन नाही त्यांचे काय?

पाऊस चुकला की पहिला घाव शेतमजुराच्या चुलीवर बसतो. उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात आणि मुलांची शाळा सुटते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनीच महाराष्ट्राला रोजगार हमीची वाट दाखवली. १९७७ साली तिचा कायदा झाला. ज्या कामातून बांध, तळी आणि झाडे उभी राहतात, ते काम गावातच मागणे हा आपला हक्क आहे. भीमा आणि माण या नद्या तालुक्यातून वाहत असताना दक्षिणेकडील गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे, हा प्रश्न नुसता पावसाचा नसून वाटपाचा आहे, हे विसरता कामा नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, शेत परवडते की नाही हे केवळ क्षेत्रावर ठरत नाही, तर त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्या मेळावर ठरते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाबतीत या भांडवलात ओलीचीही गणना करावी लागेल.

म्हणून येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात. रानात वाफे पाडण्यासाठी चार घरांनी मिळून औजार घ्यावे, पुढच्या पेरणीचे बियाणे घरात राखावे आणि ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मागावा. पाऊस आपल्या हाती नाही; पडलेला थेंब आपल्या रानात थांबवणे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.