मराठी पान बांधणाऱ्याची फुकट हत्यारे

शाळेचे, दूध सोसायटीचे किंवा ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ करावे असे कुणी म्हटले, की पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. खरे सांगायचे तर खर्चाची बाजू आता फारशी अवघड राहिलेली नाही. गवंड्याला ओळंबा आणि थापी विकत घ्यावी लागते. संकेतस्थळ बांधणाऱ्याची बरीचशी हत्यारे मात्र इंटरनेटवर उघड्यावर मांडून ठेवलेली आहेत, कुणीही उचलावीत. अडचण निराळीच आहे. ही हत्यारे बहुतेक इंग्रजी पानासाठी घडवलेली. त्यांनी मराठी पान बांधायला बसलो की कुठे अडते, हे सहसा कुणी सांगत नाही. तेव्हा आज त्याबद्दलच बोलू.

आधी अक्षराचे बघू, कारण सगळे घोडे तिथेच अडते. समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख तुम्ही पानावर लावली. मजकूर शाळेच्या संगणकावर जुन्या फॉन्टात टंकलेला होता, तो तसाच उचलून चिकटवला. तुमच्या पडद्यावर छान मराठी दिसते. पण पालकाच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा! असे का होते? जुन्या फॉन्टात 'क' हे अक्षर साठवलेलेच नसते. कृतिदेव फॉन्टाचे उदाहरण घ्या. त्यात आतमध्ये इंग्रजी 'डी' असते आणि त्याच्यावर 'क'चे चित्र चढवलेले असते. फॉन्ट ज्याच्याकडे आहे त्याला 'क' दिसेल, नाही त्याला 'डी'. युनिकोडात तसे नाही. तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. म्हणून युनिकोडातला मजकूर कुठल्याही आजच्या फोनवर मराठीच दिसतो, आणि शोधयंत्रालाही सापडतो.

तुमचा मजकूर कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला एक सोपी परीक्षा सांगतो. त्यातला एक शब्द उचला आणि मोबाइलवरून कुणाला तरी निरोप म्हणून पाठवा. पोचला तसाच मराठीत, तर काम झाले. इंग्रजी चिवडा पोचला, तर रूपांतर करावे लागेल. जुन्या फॉन्टातून युनिकोडात नेणारी रूपांतर-साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. एका चौकटीत मजकूर टाकायचा, दुसरीतून उचलायचा. पण बरं का, त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार एक अक्षर पुढेमागे सरकतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि आपला 'ऱ्य' तर हमखास बिघडतो. 'आचाऱ्यांना बोलावले' आणि 'आचार्यांना बोलावले' यांत केवढे अंतर आहे ते शिक्षकांना सांगायला नको! एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मूळ कागद धरून बसावे, हाच उपाय.

आता फॉन्ट कोणता घ्यावा? गूगल फॉन्ट्स या ठिकाणी देवनागरीचे पुष्कळ फॉन्ट फुकट आहेत. 'मुक्ता' आणि 'बालू' हे मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेले. 'तिरो देवनागरी मराठी' तर नावानेच मराठी आहे. निवडताना तिथल्या चौकटीत 'दऱ्याखोऱ्यांतली शाळा, ॲप, ज्ञान, क्षमा' असे काहीतरी लिहून बघा. आपला 'ल' आणि आपला 'श' हिंदीच्या वळणापेक्षा निराळा असतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण पानाच्या आत भाषा मराठी असल्याची खूण केली तरच आपले वळण बाहेर येते. ही खूण म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या सांकेतिक ओळीत भाषेच्या जागी 'एम' आणि 'आर' ही दोन इंग्रजी अक्षरे, एवढेच. तयार साच्यात तिथे इंग्रजीची खूण आधीच ठोकलेली असते आणि ती बदलायचे कुणाच्या लक्षात येत नाही. याच खुणेचा दुसराही उपयोग आहे. अंध वाचकांसाठी 'एनव्हीडीए' नावाचे फुकट साधन आहे, ते पान वाचून दाखवते. कोणत्या भाषेचा आवाज लावायचा, हे त्याला अशाच खुणेवरून कळते.

तयार साच्यांचा आणखी एक खोडकरपणा. इंग्रजी मथळ्यांत अक्षरे ऐसपैस बसवण्याची फॅशन आहे. तेच माप मराठीला लागले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडक्या फणीसारखा दिसतो. ते अंतर शून्य करा. ओळींमधले अंतर मात्र वाढवा. आपल्याला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून अक्षराच्या मापाच्या दीडपट तरी ओळ ठेवावी.

रंगाचे थोडक्यात. वेबएम या अमेरिकेतल्या संस्थेचे रंगभेद तपासणारे साधन आहे. अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग सांगितला की ते आकडा देते. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१, आणि साध्या मजकुराला किमान साडेचार हवेत असा जागतिक प्रघात आहे. आपल्याला आवडतो तो केशरी रंग पांढऱ्यावर जेमतेम दोनच्या थोडा वर जातो. उन्हात बांधावर उभे राहून पान उघडणाऱ्या शेतकऱ्याला तो दिसणारच नाही. केशरी रंग पट्ट्याला ठेवा, अक्षराला नको.

छायाचित्रांकडे मात्र नीट लक्ष द्या. मोबाइलवर काढलेले एक चित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. जिथे रेंज अशी की सेकंदाला ४०० किलोबिट येतात, तिथे ते एक चित्र उतरायला ८० सेकंद लागतील. तोवर कोण थांबतो? 'स्क्वूश' हे २०१८ साली गूगलच्या मंडळींनी खुले केलेले साधन घ्या. चित्राची रुंदी १२०० बिंदूंवर आणा, 'वेबपी' प्रकार निवडा. मग तेच चित्र बहुधा दीडदोनशे किलोबाइटांत बसते आणि तीन-चार सेकंदांत उतरते. शिवाय हे काम तुमच्याच संगणकावर होते, चित्र कुठे बाहेर जात नाही.

पान तयार झाले की दोन तपासण्या करा. वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था आहे. तिच्या तपासणीच्या पानावर आपला पत्ता दिला की विसरलेल्या खुणा ओळीसकट दाखवते. दुसरी तपासणी क्रोम ब्राउझरमध्येच दडलेली आहे. एफ-बारा ही कळ दाबली, की ब्राउझर लहान मोबाइलचे आणि संथ जाळ्याचेसुद्धा सोंग घेतो. तरीही गावातला एखादा जुना फोन हाताशी असू द्या. सोंग ते सोंगच.

साध्या, स्थिर पानांना गिटहब पेजेसवर फुकट जागा मिळते. स्वतःचे नाव विकत घेतलेत, तर ते संस्थेच्या नावाने घ्या, पान बांधणाऱ्या मुलाच्या नावाने नको, आणि नूतनीकरणाची तारीख हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. 'सुरक्षित नाही' असा शेरा ब्राउझरने मारू नये, म्हणून लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळते.

शेवटची गोष्ट, जपणुकीची. सॅन फ्रान्सिस्कोतील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबची पाने साठवत आली आहे. तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकून त्याची प्रत ठेवता येते. उद्या पान पडले तरी बहुधा ती प्रत मिळते. पण नको ते छापले गेले, तर तीही तिथे उरू शकते. म्हणून मुलांच्या याद्या, जन्मतारखा आणि आधार क्रमांक पानावर मुळीच चढवू नका. निकाल लावायचा तर फलकावर लावा.