न भरणारी जखम आणि दाबाचा मोजा

पायाच्या घोट्याजवळ एखादी लहानशी जखम व्हावी आणि ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे भरूच नये, हा अनुभव अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. मलमे बदलतात, डॉक्टर बदलतात, शेजारीपाजारी सुचवतील ते पाल्याचे रसही लावून होतात. जखम मात्र थोडी सुकते आणि पुन्हा चिघळते. शेवटी ‘हा पाय असाच राहणार’ असे घरचेही गृहीत धरतात. वास्तविक अशा जखमांपैकी बहुसंख्य जखमांचे मूळ जखमेत नसतेच. ते पायातील शिरांमध्ये असते, आणि त्यावरचा मुख्य उपाय औषधाच्या बाटलीत नसून बाहेरून दिलेल्या योग्य दाबात आहे. हा दाब देणाऱ्या लवचिक मोज्यांना वैद्यकीय भाषेत ‘कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज’ म्हणतात.

नागपूरसारख्या शहरात या उपायाची माहिती असणे विशेष आवश्यक ठरते. एक तर येथे उभ्याने काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या सूतकताई आणि विणकाम खात्यांत कामगारांच्या पिढ्यान् पिढ्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या. गिरणीचे भोंगे आता थांबले असले, तरी वाहतूक पोलीस, शिक्षक, केशकर्तनालयातील कारागीर, खानावळीतील आचारी, कळमना बाजारातील हमाल आणि दुकानांतील विक्रेते यांचा दिवस आजही पायांवरच जातो. दुसरे कारण म्हणजे येथील उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. ज्या शहरात मे महिन्यात अंगावरचा सुती सदराही नकोसा होतो, तेथे पायाला घट्ट चिकटणारा मोजा दिवसभर घालण्यास सांगणे सोपे नाही. नेमकी येथेच अनेकांची उपचारांची साखळी तुटते.

शिरांचे गणित

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांमधून पायांपर्यंत पोहोचते. परतीचा प्रवास मात्र चढणीचा असतो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हे रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळली जाते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या नाजूक झडपा असतात. म्हणूनच पोटरीला पायाचे दुसरे हृदय म्हटले जाते.

स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या शिरांमधील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. झडपा निकामी झालेल्या व्यक्तीमध्ये मात्र चालतानाही हा दाब पुरेसा उतरत नाही. बाळंतपणे, स्थूलता, आनुवंशिकता, दीर्घकाळ उभे राहणे किंवा पूर्वी खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी ही झडपा बिघडण्याची प्रमुख कारणे होत.

सतत चढलेल्या दाबामुळे रक्तातील द्रव आणि तांबड्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांतून बाहेर झिरपू लागतात. संध्याकाळी पाय सुजतात, पाय जड वाटतात, त्वचेखाली गाठाळलेल्या निळसर शिरा दिसू लागतात. पुढे झिरपलेल्या रक्तातील लोह त्वचेत साठून घोट्यावरचा भाग तपकिरी-काळपट होतो, खाज सुटते, त्वचा कातड्यासारखी कडक बनते. अशा त्वचेला साधे खरचटणे किंवा डासाच्या चाव्यावर खाजवणेही पुरेसे होते. घोट्याच्या आतील बाजूला उथळ, वेड्यावाकड्या कडांची, सतत पाझरणारी जखम तयार होते. हाच शिरांचा व्रण.

विदर्भाच्या काही जिल्ह्यांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव राहिलेला असल्यामुळे पाय सुजला की ‘हत्तीपाय’ झाला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. परंतु हत्तीरोगात बिघाड लसिकावाहिन्यांत असतो, येथे तो शिरांत असतो. दोन्हींची तपासणी आणि उपचार वेगळे आहेत.

दाबाने नेमके काय होते?

फुगलेल्या शिरेवर बाहेरून दाब दिला की तिचा व्यास कमी होतो. एकमेकींपासून दुरावलेल्या झडपांच्या पाकळ्या काही प्रमाणात जवळ येतात, रक्ताचा वेग वाढतो आणि बाहेर झिरपणारा द्रव पुन्हा आत शोषला जाऊ लागतो. सूज उतरली की त्वचेला प्राणवायू आणि पोषण मिळते आणि जखमेच्या कडा आत सरकू लागतात. म्हणजे मोजा जखम भरत नाही. तो जखम भरू न देणारा अडथळा दूर करतो.

हा दाब सर्वत्र सारखा असून चालत नाही. तो घोट्याजवळ सर्वाधिक आणि गुडघ्याकडे क्रमशः कमी होणारा हवा. साधा तंग मोजा किंवा घरी गुंडाळलेली क्रेप पट्टी यांची याच ठिकाणी गल्लत होते. अननुभवी हाताने बांधलेली पट्टी कुठे सैल, कुठे आवळलेली असते आणि दोन-तीन तासांत घसरते. पोटरीवर अधिक आवळलेली पट्टी तर रक्त वर जाण्याऐवजी खालीच अडवते.

जखमेला बंध देण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत जखमांसाठी बंधांचे चौदा प्रकार सांगितले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी झिंक ऑक्साइड माखलेल्या पट्टीचा वापर रूढ केला. आधुनिक मोजा मात्र एका रुग्णाच्याच निरीक्षणातून साकारला. कॉनराड जोब्स्ट हे अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते स्वतः शिरांच्या व्रणाने त्रस्त होते. तरणतलावात उभे असताना पायांना आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढत जातो, तसाच दाब कापडातून देता येईल, या विचारातून त्यांनी १९५० च्या सुमारास क्रमशः दाब देणारे मोजे तयार केले.

मोजा की पट्टी?

भरलेली नसलेल्या जखमेसाठी घोट्याजवळ सुमारे ४० मिलिमीटर दाब अपेक्षित असतो. पूर्वी यासाठी चार थरांची पट्टी श्रेष्ठ मानली जात असे. ती प्रशिक्षित परिचारिकेनेच बांधावी लागते. आता दोन थरांचे मोजेही उपलब्ध आहेत. आतला पातळ मोजा जखमेवरचे आच्छादन जागेवर ठेवतो, बाहेरचा जाड मोजा मुख्य दाब देतो.

ब्रिटनमध्ये ४५७ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जखम भरण्याचा मध्यम कालावधी मोज्यांच्या गटात ९९ दिवस, तर पट्टीच्या गटात ९८ दिवस होता. म्हणजे जवळजवळ समान. मात्र जखम पुन्हा होण्याचे प्रमाण मोज्यांच्या गटात १४ टक्के आणि पट्टीच्या गटात २३ टक्के आढळले. याच अभ्यासात मोजे सोडून दुसऱ्या उपचाराकडे वळणाऱ्यांची संख्याही अधिक होती, हे नजरेआड करता येणार नाही. मोजा परिणामकारक आहे, पण तो सर्वांनाच सहज मानवत नाही. फार मोठी, फार पाझरणारी जखम असल्यास किंवा पायाचा आकार बिघडलेला असल्यास सुरुवातीला पट्टी आणि सूज उतरल्यावर मोजा, असा क्रम ठेवला जातो.

आधी रोहिण्यांची तपासणी

या उपचारातील सर्वांत महत्त्वाची सावधगिरी मोजा विकत घेण्यापूर्वीची आहे. पायाला रक्त नेणाऱ्या रोहिण्याच अरुंद झाल्या असतील, तर बाहेरचा दाब उरलासुरला रक्तपुरवठा तोडतो आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. तंबाखू हे रोहिण्यांच्या आजाराचे एक प्रमुख कारण असल्याने विडी-सिगारेट आणि खर्रा यांचे व्यसन असणाऱ्यांनी, तसेच मधुमेही आणि वृद्धांनी हा धोका गांभीर्याने घ्यावा.

ही तपासणी सोपी आणि वेदनारहित आहे. हातात मावणाऱ्या डॉप्लर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून त्याची दंडाच्या रक्तदाबाशी तुलना केली जाते. हे गुणोत्तर ०.८ पेक्षा अधिक असल्यास सामान्यतः पूर्ण दाब देता येतो. ०.५ ते ०.८ या दरम्यान कमी दाब आणि तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो. ०.५ पेक्षा कमी असल्यास दाब देऊ नये. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्यामुळे हे गुणोत्तर १.३ च्या वर जाऊन फसवे ठरू शकते. तेव्हा पुढील तपासण्या आवश्यक असतात. हृदयाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांनीही परस्पर मोजे वापरू नयेत.

उन्हाळ्याचे काय?

उष्णतेने शिरा प्रसरण पावतात. त्यामुळे पाय सर्वाधिक सुजण्याचे दिवस आणि मोजा सर्वाधिक नकोसा वाटण्याचे दिवस एकच येतात. फेब्रुवारीत भरत आलेली जखम एप्रिलमध्ये मोजे कपाटात गेले की पुन्हा उघडते. यावर काही मार्ग आहेत. बोटे उघडी ठेवणारा, गुडघ्याखालचा मोजा बहुतेकांना पुरेसा असतो. मांडीपर्यंतचा घेण्याची गरज क्वचितच पडते. बाहेरची कामे सकाळी आटोपावीत. दुपारी कूलरसमोर पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवून पडावे. जखम भरून आली असेल, तर कोरड्या हवेत मोज्यावर पाण्याचा हलका फवारा मारल्यानेही गारवा मिळतो. तरीही सहन होत नसेल तर मोजा टाकून देण्याऐवजी डॉक्टरांना सांगून कमी दाबाचा घ्यावा. रोज घातलेला कमी दाबाचा मोजा कपाटात पडलेल्या जास्त दाबाच्या मोज्यापेक्षा निश्चितच उपयुक्त असतो.

वापराची शिस्त

मोज्याचे माप सकाळी, सूज नसताना घ्यावे. घोटा आणि पोटरी यांचा घेर आणि पायाची लांबी मोजल्याशिवाय चपलेसारखा ‘अंदाजे नंबर’ घेऊ नये. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच मोजा चढवावा. रबरी हातमोजे घातल्यास पकड चांगली मिळते. सुरकुत्या राहू देऊ नयेत आणि वरची किनार दुमडू नये, अन्यथा तेथे फास बसतो. रात्री मोजा काढून त्वचेला तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. सकाळी मात्र लावू नये, कारण तेलाने लवचिकता नष्ट होते. मोजे सौम्य साबणाने धुऊन, न पिळता सावलीत वाळवावेत. नागपूरच्या उन्हात त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. दोन जोड असावेत आणि साधारण तीन ते सहा महिन्यांनी ते बदलावेत. बोटे निळी, गार किंवा बधिर झाल्यास, अथवा वेदना वाढल्यास मोजा तत्काळ काढून डॉक्टरांना गाठावे.

जखमेवर साधे, न चिकटणारे आच्छादन पुरेसे असते. ताप, वाढती लाली, पू अशी जंतुसंसर्गाची लक्षणे नसतील, तर प्रतिजैविकांनी जखम लवकर भरत नाही. हळद, पाल्याचा लेप किंवा वारंवार बदललेली मलमे यांनी आधीच नाजूक झालेल्या त्वचेला ॲलर्जी होण्याचीच शक्यता अधिक. उपचार करूनही जखम महिनोन् महिने तशीच राहिल्यास तिचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते, कारण जुनाट व्रणात क्वचित कर्करोगही उद्भवतो.

शस्त्रक्रियेचे स्थान

मोजा दाब आटोक्यात ठेवतो. बिघडलेली शीर मात्र तशीच राहते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ४५० रुग्णांच्या अभ्यासात मोजे किंवा पट्टीसोबत लेझर, रेडिओलहरी किंवा फेसाचे इंजेक्शन यांद्वारे शीर लवकर बंद केलेल्या रुग्णांची जखम मध्यमतः ५६ दिवसांत भरली. ज्यांचा हा उपचार लांबवला, त्यांना ८२ दिवस लागले. हे उपचार बहुधा स्थानिक भूल देऊन होतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. त्यामुळे कलर डॉप्लर तपासणी करून शल्यचिकित्सकाचा सल्ला आरंभीच घेणे हितावह होय. नागपुरात ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या नावांनी ओळखली जाणारी शासकीय रुग्णालये, तसेच २०१८ पासून सुरू झालेली एम्स या सार्वजनिक संस्था आहेत. त्यामुळे सल्ल्यासाठी मुंबई-पुणे गाठण्याची आवश्यकता नाही.

जखम भरली म्हणजे आजार संपला, ही समजूत सर्वाधिक महागात पडते. झडपा पुन्हा दुरुस्त होत नाहीत; म्हणून जखम भरल्यानंतरही मोजे चालू ठेवावे लागतात. चष्मा लावल्याने दृष्टिदोष नाहीसा होत नाही, पण दिसते; मोज्याचेही तसेच आहे. रोजचे चालणे, वजनावर नियंत्रण, तासन् तास एकाच जागी उभे न राहता अधूनमधून टाचा उचलणे आणि सकाळी न चुकता चढवलेला मोजा, एवढ्या साध्या शिस्तीवर अनेकांना वर्षानुवर्षांच्या पट्ट्यांतून मुक्त होता येते.