परिचर्या शिक्षणातील संशोधन

परिचारिकेचे शिक्षण कोठे, किती काळ व कोणत्या पद्धतीने व्हावे आणि त्याचा रोग्यांच्या प्रकृतीवर कोणता परिणाम होतो, यांसंबंधीचा पद्धतशीर अभ्यास. परिचर्या रोग्याच्या सान्निध्यातच शिकता येते. परंतु शिकणाऱ्याच्या चुकीचे परिणाम रोग्यास भोगावे लागण्याचा धोका तेथे असतो. शिवाय वॉर्डातील विद्यार्थिनी शिकण्यासाठी आलेली आहे की रुग्णालयाचे काम उरकण्यासाठी, हा प्रश्न प्रारंभापासून या शिक्षणाला चिकटलेला आहे. या क्षेत्रातील बरेचसे महत्त्वाचे संशोधन याच प्रश्नातून निघाले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिका विद्यालय सुरू झाले. त्याचा खर्च नाइटिंगेल निधीतून होई. पुढे इंग्लंड-अमेरिकेत निघालेल्या बहुसंख्य विद्यालयांना असा स्वतंत्र निधी नव्हता. ती रुग्णालयांच्याच पैशावर चालत व त्याच्या मोबदल्यात विद्यार्थिनी वॉर्ड सांभाळीत. दिवसभराच्या कामानंतर थकलेल्या मुलींना रात्री व्याख्याने दिली जात. अमेरिकेत रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने नेमलेल्या समितीसाठी जोझेफिन गोल्डमार्क यांनी निवडक विद्यालयांची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनींच्या वेळेचा हिशेब मांडून त्यांनी दाखविले, की त्यांचा बराच काळ ज्यातून नवे काही शिकता येत नाही अशा साफसफाईच्या व त्याच त्या कामांत जातो. विद्यालयांना स्वतंत्र अर्थव्यवस्था असावी व परिचर्या शिक्षण विद्यापीठांशी जोडावे, या त्यांच्या निष्कर्षांस अनुसरून येल विद्यापीठात त्याच वर्षी परिचर्या विद्यालय निघाले. इतरत्र मात्र रुग्णालयांना स्वस्त मनुष्यबळ सोडवेना. एस्थर ल्युसिल ब्राउन यांना १९४८ च्या अहवालात जवळजवळ त्याच शिफारशी पुन्हा कराव्या लागल्या. शिक्षणाचा काळ कमी करता येतो काय, याचा प्रत्यक्ष प्रयोग मिल्ड्रेड मॉन्टाग यांनी १९५२ पासून पाच वर्षे केला. काही कनिष्ठ महाविद्यालयांत त्यांनी दोन वर्षांचा अभ्यासक्रम राबविला. त्यातून बाहेर पडलेल्या परिचारिका परवाना परीक्षेत इतरांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाल्या. म्हणजेच आधीच्या तीन वर्षांतील पुष्कळसा काळ शिक्षणाचा नव्हताच.

ब्रिटनमधील अनुभव उलट बाजूने उद्‌बोधक आहे. स्कॉटलंडमधील ४० विद्यार्थी-परिचारिकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या कॅथ मेलिया यांच्या १९८७ च्या ग्रंथात असे दिसून आले, की विद्यालय परिचर्येचा एक आदर्श शिकविते आणि वॉर्ड वेळेत काम उरकण्यास शिकवितो; या दोहोंमध्ये अडकलेली विद्यार्थिनी प्रत्येक नव्या वॉर्डात सामावून जाण्यातच आपली शक्ती खर्च करते. ‘प्रकल्प २०००’ या नावाची योजना १९८६ मध्ये मांडण्यात आली व १९८९ पासून अमलात आली. तीनुसार विद्यार्थ्यांना रुग्णालयाच्या मनुष्यबळात न मोजता केवळ विद्यार्थी मानण्यात आले. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, नियामक परिषदेच्याच आयोगाला मान्य करावे लागले, की नव्या परिचारिकांचा सैद्धांतिक पाया चांगला असला, तरी काम हाती घेतेवेळी त्यांची व्यावहारिक कौशल्ये अपुरी पडतात. श्रमातून सुटका झाली, की शिक्षण आपोआप घडते, ही समजूत यामुळे खोटी ठरली.

मग वॉर्डात नेमके काय शिकले जाते? या प्रश्नाला पॅट्रिशिया बेनर यांच्या १९८४ च्या ग्रंथाने दिशा दिली. नवशिकी ते तज्ञ अशा पाच पायऱ्या त्यांनी परिचारिकांच्या स्वानुभवकथनांच्या आधारे वर्णिल्या. नवशिकी नियमावर विसंबते, तर तज्ञ परिचारिकेस संपूर्ण परिस्थिती एकदम जाणवते. साधे उदाहरण घेता येईल. ५०० मिलि. सलाइन ४ तासांत द्यावयाचे असून नळीतून २० थेंबांत १ मिलि. द्रव पडत असेल, तर वेग मिनिटास सु. ४२ थेंब येतो. हे गणित वर्गात शिकविता येते. परंतु वृद्ध हृदयरोग्याला धाप लागू लागली आहे, हे वेळीच ओळखून सलाइनचा वेग कमी करणे व डॉक्टरांना बोलावणे, यांसाठी वेगळीच क्षमता लागते. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये तिचे चार भाग मांडले : लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे व घडलेल्या गोष्टीवर विचार करणे. चौथा भाग वॉर्डाच्या धावपळीत हमखास राहून जातो.

ही क्षमता रोग्यास धोका न पोहोचविता कशी वाढवावी, यासाठी सदृशीकरणाचा म्हणजे सिम्युलेशनचा अवलंब केला जातो. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयात १९११ मध्येच ‘मिसेस चेस’ नावाची मनुष्याकृती बाहुली शिक्षणासाठी आणली गेली होती. आधुनिक पुतळ्यांत नाडी, श्वसन व रक्तदाब हवे तसे बदलता येतात. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किती तास अशा प्रशिक्षणाने भरून काढता येतील, याची मोठी चाचणी अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० संस्थांत केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटपर्यंत टिकलेल्या ६६६ विद्यार्थ्यांचे तीन गट होते; त्यांना रुग्णसेवेच्या तासांपैकी अनुक्रमे १० टक्क्यांपर्यंत, २५ टक्के व ५० टक्के तास सदृशीकरणाने मिळाले. परवाना परीक्षेतील यश तसेच नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतील वरिष्ठांचे अभिप्राय यांत लक्षणीय फरक आढळला नाही. या निष्कर्षाचा आधार घेताना त्याच्या अटी विसरल्या जातात. तेथील अध्यापक या कामासाठी खास शिकविलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर नियोजनपूर्वक चर्चा होत असे. महागडा पुतळा विकत घेऊन कुलूपबंद खोलीत ठेवणाऱ्या संस्थेला तो लागू पडत नाही.

शिक्षणाचा रोग्याच्या जीविताशी असलेला संबंध लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांनी पुढे आणला. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात (२००३) पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल, तेथे शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सु. ५ टक्क्यांनी कमी आढळली. नऊ यूरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांच्या अभ्यासात (२०१४) ही घट सु. ७ टक्के होती. परंतु प्रत्येक परिचारिकेमागे एक रोगी वाढला, की मृत्यूची शक्यता तितकीच वाढत होती. हे सहसंबंध आहेत. पदवीधरांना नेमणारी रुग्णालये इतर बाबतींतही सरस असू शकतात. संख्याशास्त्रीय दुरुस्त्यांनी ही शंका कमी होते, पूर्णपणे नाहीशी होत नाही.

भारतात भोर समितीने १९४६ मध्ये परिचारिकांची संख्या सु. ७,००० असल्याचे नमूद केले. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे पदवी शिक्षण सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात सत्रपद्धती आली व सदृशीकरणास स्थान मिळाले. येथील परिस्थितीत परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे घेता येत नाहीत. एकाच रुग्णालयात अनेक संस्थांचे विद्यार्थी एका वेळी आले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रोगी कितीसे येणार? शिवाय पदवीची पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात आणि रोग्याची विचारपूस मराठीत, अहिराणीत वा गोंडीत करावयाची असते. ‘छातीत कसेसेच होते’ या तक्रारीतील गांभीर्य ओळखण्याचे शिक्षण परदेशी नमुन्यावर बेतलेल्या सराव-प्रसंगांतून मिळत नाही. त्यासाठी असे प्रसंग स्थानिक बोलीत व स्थानिक रोग्यांच्या अनुभवांवरून रचून त्यांची चाचणी घ्यावी लागेल आणि हे काम येथील परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापकांनाच करावे लागेल.